पिस्तुलाचं मॅगझिन : कंपनीचंच हवं, की बाहेरचं चालेल?

कळव्याची_आई
माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. १० मीटर एअर पिस्तूलचा सराव ठाण्यात होतो, २५ मीटरच्या .२२ बोअर पिस्तुलासाठी मात्र वरळीची रेंज गाठावी लागते. शनिवार-रविवार आम्ही मायलेकी पहाटेची लोकल धरतो. क्लबच्या पिस्तुलाबरोबर त्याच कंपनीची दोन मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायच्या पेट्या, आली होती. त्यातल्या एकाचा तळ सैल झाला म्हणून परवानाधारक विक्रेत्याकडून दुसऱ्या बनावटीचं एक घेतलं. किंमत निम्म्याहून कमी. सरावात छान चाललं. स्पर्धेत, रॅपिडच्या दुसऱ्या मालिकेत, चौथा राउंड (काडतूस) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, गेलाच नाही. नाक वर करून अडकला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. रॅपिडमध्ये लक्ष्य सात सेकंद बंद असतं आणि तीन सेकंद उघडतं. त्या तीन सेकंदांत हात उचलायचा, नेम धरायचा, एकच गोळी. असं पाच वेळा. पिस्तूल अडलं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि पंचांची वाट बघायची. मालिका पुरी करायला मिळते, पण तीस शॉट्सच्या टप्प्यात ही सवलत एकदाच. घाबरून बोल्टला (राउंड आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाला) हात लावलात तर तीही गेली. पोरीने हात लावला नाही. पण पुढच्या चारही मालिका ती ‘परत अडेल का’ हाच विचार करत खेळली. ते मला मागच्या खुर्चीवरून दिसत होतं.

टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा लिव्हर तुटला, वेळ गेला, आणि फायनल दोन गुणांनी हुकली. इतक्या वरच्या पातळीवरसुद्धा यंत्र दगा देतं, तर आपण चार पैशांसाठी जाणूनबुजून धोका का घ्यायचा? माझं मत पक्कं आहे : स्पर्धेच्या पिस्तुलात कंपनीचंच मॅगझिन.

घणसोली_डायमेकर
ताई, मुलीने बोल्टला हात लावला नाही हे वाचून बरं वाटलं. मोठ्या मोठ्यांना ते जमत नाही. पण तुमचं मत पटलं नाही. मनूचं पिस्तूल नावाजलेल्या कंपनीचंच होतं ना? मग तो दाखला तुमच्या बाजूने कसा होतो?

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात प्रेस टूलचं, म्हणजे पत्रा कापायच्या-वळवायच्या साच्यांचं, काम करून मला सव्वीस वर्षं झाली. मॅगझिन म्हणजे पत्र्याची पेटी, एक स्प्रिंग, वर राउंड उचलणारी पट्टी म्हणजे फॉलोअर आणि खाली तळ. अवघड जागा एकच, वरचे दोन वळवलेले ओठ. राउंड किती वर यावा, कोणत्या कोनात यावा आणि कधी सुटावा, हे ते ओठ ठरवतात. पत्रा बरोबर कडक केला नसेल तर वापराने ते उघडतात. कापलेल्या कडेला धारदार कंगोरा (बर) राहिला तर काडतूस खरवडतं. हे सगळं डाय (साचा) आणि तपासणी यांवर अवलंबून. वर शिक्का कोणाचा आहे, पत्र्याला कळत नाही.

आणि ‘कंपनीचं’ म्हणजे नेमकं कोणाचं? इटलीत गार्दोने व्हाल ट्रॉम्पियाला मेक-गार नावाची कंपनी आहे. ती कित्येक नामांकित पिस्तूल कंपन्यांना मॅगझिन बनवून देते आणि तशीच स्वतःच्या नावानेही विकते. मग ते बाहेरचं म्हणायचं की घरचं?

खारघर_माजी_सैनिक
दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

अमेरिकी सैन्याचं बेरेटा एम९ इराकच्या वाळूत अडायला लागलं तेव्हा सगळ्यांनी पिस्तुलाला शिव्या घातल्या. दोष निघाला मॅगझिनमध्ये. ती बेरेटाची नव्हती, कंत्राट देऊन दुसरीकडून घेतलेली होती. त्यांच्यावर फॉस्फेटचा खडबडीत लेप होता. बारीक वाळू त्यात धरून बसायची आणि स्प्रिंग फॉलोअरला वेळेत वर ढकलू शकायची नाही. बेरेटाची गुळगुळीत मॅगझिन त्याच वाळूत चालत होती. आता डायमेकर दादांसाठी : तो लेप कंत्राटदाराने मनाने दिलेला नव्हता, सैन्यानेच तसा मागितला होता. म्हणजे कारागीर नाही चुकला, मागणीपत्र चुकलं.

आमच्याकडे सैन्यात ९ एमएम १ए पिस्तूल होतं, ईशापूरच्या कारखान्याचं, तेरा राउंडचं मॅगझिन. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने नंबर घातलेला असायचा. जॅम झाला की नंबर वहीत. त्याच नंबरचा दुसऱ्यांदा जॅम झाला की ते मॅगझिन बाजूला. फरशीवर उघड्या तोंडाने पडलेलं मॅगझिन ओठ तपासल्याशिवाय परत पिस्तुलात जात नसे, मग ते कोणाच्याही बनावटीचं असो. ताईंनी त्या बाहेरच्या मॅगझिनला दोष दिलाय, पण ते पडलं होतं का, हे सांगितलेलं नाही.

नेरुळ_वकील
मध्येच एक वाक्य टाकतो, कारण असल्या चर्चेतून पुढे ‘घरीच ओठ वाकवून घेऊ’, ‘ओळखीच्या लेथवर बनवून घेऊ’ असं निघतं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पावतीसकट. डायमेकर साहेब, तुमच्या कौशल्याबद्दल शंका नाही, पण हे काम तुमच्या शेडमध्ये होता कामा नये.

घणसोली_डायमेकर
वकील साहेब, मी कारागिरीबद्दल बोलतोय, बनवायला निघालेलो नाही.

ठाण्यातली_कोच
ताई, मी दहा वर्षं मुलामुलींना .२२ शिकवते आहे. या वादात कोणी .२२ च्या काडतुसाकडे पाहिलंच नाही. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती वरच्या राउंडची पुढे आणि खालच्याची मागे अशी बसली तर ठीक. उलटं झालं तर खालच्या राउंडची कड वरच्याच्या कडेला पुढून अडवते. मग नाक वर होतं किंवा राउंड हलतच नाही. सामान्य ९ एमएमच्या काडतुसाला अशी बाहेर आलेली कड नसते, त्याला हा त्रास नाही, म्हणून इराकचा दाखला इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

घाईने भरलं की हे कंपनीच्या मॅगझिनमध्येही होतं. शिवाय .२२ ची गोळी शिशाची, वर मेणासारखा लेप. तो आत साठतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोक गंजाच्या भीतीने आत तेल सोडतात आणि त्या तेलात काजळी बसून लगदा होतो. आतून कोरडं पुसा, तेलाचा हात फक्त बाहेरून.

तरी माझं मत ताईंच्याच बाजूचं. .२२ च्या मॅच पिस्तुलात मापं इतकी नेमकी असतात की ओठांत केसभर फरक पडला तरी राउंडचा कोन बदलतो. डायमेकर सर म्हणतात तसं चांगलं बाहेरचं मॅगझिन असू शकतं, पण ते चांगलं आहे हे सिद्ध करायला जेवढे राउंड जाळावे लागतील, तेवढ्यात किमतीतला फरक भरून निघतो. आयात .२२ राउंड काय भावाने आणि किती मुश्किलीने मिळतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

घणसोली_डायमेकर
मॅडम, राउंडच्या खर्चाचा मुद्दा बिनतोड आहे, तो मानला. पण नवीन कंपनीचं मॅगझिन तुम्ही न तपासता थेट स्पर्धेत घालाल का? नाही ना? मग राउंड दोन्हीकडे जाणारच.

ठाण्यातली_कोच
जाणार, पण सारखे नाही. कंपनीच्या मॅगझिनला मी पन्नास राउंड देते, बाहेरच्याला दोनशेच्या आत विश्वास ठेवत नाही. हा माझ्या रेंजचा हिशेब आहे, नियम नाही.

कळव्याची_आई
सैनिक काका, तुमचा प्रश्न वाचून मुलीला विचारलं. स्पर्धेच्या आठवडाभर आधी ते मॅगझिन तिच्या बॅगेतून दादरच्या पुलावर पडलं होतं. ओरडा बसेल म्हणून तिने सांगितलं नव्हतं. म्हणजे मी ज्याला बनावटीचा दोष म्हटलं, तो कदाचित पडल्याचा असेल. तेवढं मागे घेते.

पण बाकीचं मागे घेत नाही. कोच मॅडमचा दोनशे राउंडचा हिशेब आमच्या खिशात बसत नाही. आणि तीन सेकंदांत पोरीच्या डोक्यात शंका नको, याची किंमत माझ्यासाठी मॅगझिनच्या किमतीपेक्षा मोठी आहे. कंपनीचं नवीन मागवायला क्लबला सांगितलंय. तिन्ही मॅगझिनवर नेलपॉलिशने नंबर घातले, वही घातली.

घणसोली_डायमेकर
ताई, ते पडलेलं टाकून देऊ नका. रविवारी मीही वरळीला असेन. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) आणतो. मॅडमच्या समोर कंपनीच्या आणि त्याच्या ओठांमधलं अंतर मोजू. फरक निघाला तर तो पडल्याचा की मुळातला, हे पत्र्यावरच्या खुणा पाहून सांगता येईल.

कळव्याची_आई
चालेल. आम्ही साडेसातला पोचतो. मुलगी म्हणते, माप तीच घेणार.