स्टँडबाय सर्व्हरला मराठीत काय म्हणावं?

(बोलणारे आपापल्या नागपुरी वस्तीच्या नावाने.)

धरमपेठ: पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी मराठी माहितीपत्रक करतो आहे. डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हर दोन: एक मुख्य, दुसरा स्टँडबाय, म्हणजे मुख्य बंद पडला तर त्याची जागा घेणारा. दुसऱ्यासाठी मसुद्यात 'बॅकअप सर्व्हर', 'राखीव सर्व्हर' आणि 'पर्यायी सर्व्हर' असे तीन शब्द आहेत. कोणता ठेवू?

महाल: पहिला आधी खोडा. बॅकअप म्हणजे काल रात्रीची प्रत, स्टँडबाय आत्ताचा असतो. मुख्य सर्व्हरवर चुकून खातेदारांचं टेबल उडवलं, की ते स्टँडबायवरूनही क्षणात उडतं. 'बॅकअप सर्व्हर आहे ना' म्हणत रात्रीचा बॅकअप बंद करतात, तो घोळ शब्दाचाच.

मानेवाडा: 'राखीव'मध्येही खोट आहे. राखीव म्हणजे डिकीतली स्टेपनी, पंक्चर झाल्यावर काढायची. बंद ठेवलेल्या मशीनला तो शब्द चालेल. हॉट स्टँडबाय मात्र सतत काम करतो. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहितो, टेबलांच्या फायलींत नंतर. आधी कीर्द, मग खतावणी! स्टँडबायला कीर्दीची पानं येत राहतात आणि तो आपली खतावणी करत जातो. रिपोर्ट त्याच्यावरून काढता येतात, नोंद करता येत नाही. म्हणून 'पाठराखा' सुचवतो.

महाल: पाठराखीण नवरीच्या जागी बसत नाही हो, भाऊ! याला तर वेळ आली की बसायचंच आहे.

सिव्हिल लाइन्स: नाम 'स्टँडबाय'च राहू द्या, क्रियापदं मराठी करा. प्रमोट होणे म्हणजे 'पदभार घेणे'. फरक एवढाच, की साहेब रजेवरून परतले की प्रभारी खुर्ची सोडतो. इथे परतलेल्या जुन्या मुख्याला खुर्ची द्यायची नाही. पीजी रिवाइंड या पोस्टग्रेसच्या साधनाने त्याची कीर्द नव्या मुख्याशी जुळवून त्यालाच स्टँडबाय करायचं. त्यासाठी वॉल लॉग हिंट्स किंवा डेटा चेकसम यांपैकी एक सेटिंग आधीपासून चालू लागतं. ऐन वेळी आठवून उपयोग नाही.

धरमपेठ: आणि स्प्लिट ब्रेन, म्हणजे दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजू लागले तर? 'दुभंगलेला मेंदू' लिहिलंय.

महाल: काहून? 'एका गादीचे दोन धनी' लिहा, नागपूरकराला लगेच कळेल. १७७२ मध्ये जानोजी भोसले वारले, साबाजी आणि मुधोजी दोघंही दावेदार. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी गोळी लागून पडले, तेव्हा वाद मिटला. क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांतल्या, फेन्सिंगचं (एकाला बाहेर तोडून टाकण्याचं) टोपणनाव स्टोनिथ, त्याचाही अर्थ 'समोरच्या मशीनच्या डोक्यात गोळी घाला' असाच! पदभार घेण्याआधी जुन्या मुख्याची वीज तोडायची. शिवाय मुख्य कोण यावर दोघांत मतं १-१ होतात, म्हणून तिसरा साक्षीदार सर्व्हर लागतो. तो या दोघांच्याच विजेच्या फीडरवर आणि यूपीएसवर नको.

मानेवाडा: उभारणी पत्रकात घालणार असाल तर: दोन्हीकडे पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती एकच, वॉल लेव्हल 'रेप्लिका', रेप्लिकेशनचा (मुख्याचे बदल स्टँडबायकडे नेण्याचा) हक्क असलेला वेगळा वापरकर्ता, कोणाला जोडू द्यायचं ते ठरवणाऱ्या एचबीए फाइलमध्ये स्टँडबायच्या पत्त्याची ओळ, ५४३२ पोर्ट उघडा. मग स्टँडबायवर मुख्याची पूर्ण प्रत आणणारी आज्ञा पीजी बेसबॅकअप, कॅपिटल 'आर' पर्यायासह. आवृत्ती १२ पासून तो जोडणीची माहिती लिहितो आणि स्टँडबाय सिग्नल नावाची रिकामी फाइल ठेवतो. मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी किती जोडण्या) स्टँडबायवर मुख्यापेक्षा कमी नको.

खरी डोकेदुखी रेप्लिकेशन स्लॉटची, म्हणजे स्टँडबायने घेईपर्यंत पानं राखून ठेवण्याच्या सोयीची. स्लॉट नसेल तर मागे पडलेल्या स्टँडबायला लागणारी पानं मुख्य सर्व्हर पुसून टाकू शकतो, मग सगळं पुन्हा उभारा. स्लॉट असेल आणि स्टँडबाय चार दिवस बंद पडला, तर कीर्द साचून मुख्याचीच डिस्क भरते. आवृत्ती १३ पासून त्याला मर्यादा घालता येते, पण मुळात ती 'अमर्याद' असते. ठरवूनच घाला.

सिव्हिल लाइन्स: सिंक्रोनस, म्हणजे स्टँडबायची पोच आल्यावरच नोंद पक्की, असं ठेवणार असाल तर एकच स्टँडबाय पुरत नाही. तो पडला की मुख्यावरच्या नोंदी पोच मिळेपर्यंत अडकतात, काउंटरवर रांग.

धरमपेठ: शीर्षकात 'अखंड सेवा' चालेल?

सिव्हिल लाइन्स: नको. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९ म्हणजे सुमारे ५२ मिनिटं. 'अखंड' म्हटलं की खातेदार एका मिनिटाचाही जाब विचारेल. 'सेवासातत्य' लिहा.

मानेवाडा: आणि लॅगला, म्हणजे स्टँडबाय मागे पडण्याला, 'विलंब' नको, 'कीर्द थकली' म्हणा. पीजी स्टॅट रेप्लिकेशन या पोस्टग्रेसच्या तक्त्यातला रीप्ले लॅग रोज सकाळी बघून किती थकली ते वहीत लिहायचं, असा एक रकाना पत्रकात ठेवा.