मदत हवी आहे: आजच्या लेखकांची नवी नाटकं सुचवा

नमस्कार मंडळी. आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा नाट्यवाचनाला जमतो. पण आमची गाडी ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२), ‘महानिर्वाण’ (१९७४) आणि ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या स्टेशनांपुढे जातच नाही! नाटकं थोरच आहेत, वाद नाही. पण सगळ्यांचे संवाद आता पाठ झालेत.

तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत लिहिलेली, शक्यतो लेखक आज लिहिता असलेली नाटकं सुचवाल का? राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ मी पाहिलंय. तसा तिखट विनोद आणि बोलीचा बाज असेल तर दुधात साखर. मनस्विनी लता रवींद्र, इरावती कर्णिक, धर्मकीर्ती सुमंत ही नावं ऐकून आहे, पण सुरुवात कुठून करू?

अडचण एकच: प्रायोगिक नाटकाचे प्रयोग थांबले की संहिता हाती लागत नाही. त्यामुळे पुस्तकरूपात आलेलं असेल तर तसं जरूर लिहा. पात्रं सहाच्या आत, त्यात बायकांना दोन तरी भरीव भूमिका हव्यात. दीर्घांकही (लांबीने मोठ्या एकांकिका) चालतील. कौटुंबिक फार्स मात्र नको, ते घरी रोजच चालू असतं.