मदत हवी आहे : डोंगर विनाखताचा हिरवा, माझीच रोपं पिवळी काहून?

मुरमाड_रान : येडशीच्या अलीकडं माळावर जमीन, वीतभर मातीखाली मुरूम. रोपांची पानं पिवळी पडायलीत, वाढ ठप्प. ठिबकनं १९:१९:१९ हे विद्राव्य खत सोडलं, शेणखतही घातलं. बांधापलीकडं वनखात्याचा डोंगर. तिथं धावडा, सालई, खैर दणक्यात, कुणी खत घालत नाही. त्यांना काय मिळतं? लवकर सांगा, पाऊस आहे तोवर करायचंय.

गोठेवाला : शेण-गोमूत्राचं जीवामृत, एकरी २०० लिटर. विद्राव्य खतानंच माती मेली तुमची.

काळी_माती : मुरमात मरायला माती आहे कुठं? शिरा हिरव्या अन् मधलं पान पिवळं असेल तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळाला उचलता येत नाही. माती परीक्षण करा.

रानवाट : झाडं कोणती?

गोठेवाला : कोणतीबी असू द्या, जीवामृत चालतं.

रानवाट : तसं नसतं दादा. डोंगरावरची झाडं पान गळायच्या आधी त्यातला बराच नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) खोडात ओढून घेतात. उरलेलं पान तिथंच कुजतं, झाडून कोण नेतंय? मुळांशी बुरशी असते; मूळ पोचत नाही तिथला स्फुरद तिचे धागे आणतात, झाड तिला साखर देतं. खैराच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. अन् दणक्यात म्हणता, ते धावडे किती सालांचे हे विचारलंय का कुणाला?

निवृत्त_गुरुजी : कास पठारावर दवबिंदू नावाची वनस्पती चिकट पानांवर किडे धरून नत्र मिळवते. जरूर पाहावी.

मुरमाड_रान : किडे राहू द्या गुरुजी. चंदन आहे हो, माळाला दुसरं काय लावणार? रान चकाचक ठेवलंय, गवताची काडी नाही.

रानवाट : हे आधी सांगायचं ना राव! चंदन अर्धपरोपजीवी. स्वतःच्या पानांनी अन्न करतं, पण पाणी-क्षार शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटून ओढतं. शेजारी कुणी नसेल तर खत घालून किती घालणार?

तलाठी_नव्हे : सातबाऱ्यावर चंदनाची नोंद केली का? तोडायच्या वेळी अडेल.

काळी_माती : तोडायला चोर ठेवतील तर.

मुरमाड_रान : ते नंतर बघू. तूर टोकली तर जमंल?

रानवाट : जमंल, रोपाजवळ टोका. पण तूर सुरुवातीपुरती. कायमची सोबत म्हणून दोन चंदनांमध्ये खैर नाहीतर कडुलिंब लावा. लोहाचं परीक्षणही कराच, काळी_माती यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही.

मुरमाड_रान : बरं. आमच्याकडं शेळ्या तुरीला तोंड लावतात. कुंपणाचं सांगा कुणीतरी.