नारळीकरांच्या विज्ञानकथांविषयी थोडी भर

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांसाठी विज्ञानकथा म्हणजे संशोधनातून सवड मिळाली की जपलेला छंद होता, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. केंब्रिजमध्ये त्यांना मार्गदर्शक लाभले ते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल, ज्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी 1957 मध्येच प्रसिद्ध झाली होती. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा माणूस गंभीरपणे कथाही लिहू शकतो, हे उदाहरण त्यांच्यासमोर होते.

मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी पाठवली ती आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. तिला पहिले पारितोषिक मिळाले, आणि ते मिळाले तेव्हा परीक्षकांपुढे त्यांची ख्याती नव्हती, केवळ कथा होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत तर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर इतिहास कोणत्या वाटेने गेला असता, हा मराठी मनाला सतत सलणारा प्रश्न घेऊन त्यांनी तो पुंजभौतिकीतील (क्वांटम भौतिकीतील) अनिश्चिततेशी इतक्या सहजतेने जोडला आहे की, कथेतून विज्ञान वेगळे काढले तर कथाच उरत नाही. 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते याच लेखनाच्या बळावर.