सॉफ्टवेअरवाल्यांनो, दिवसभर नक्की करता काय? (अनुभव धागा)

टेस्टरबाई, ठाणे पूर्व

आमच्या सोसायटीत माझी ओळख ‘कॉम्प्युटरवाली’. कुणाचा वायफाय बंद पडला, प्रिंटरमध्ये कागद अडकला की आमची बेल वाजते. मी ऐरोलीला टेस्टिंग करते, म्हणजे सॉफ्टवेअर लोकांकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधते. पण ते काय असतं हे सांगायला लागले की ‘म्हणजे प्रोग्रामिंग नाही का?’ असं विचारतात आणि विषय पाणीकपातीवर जातो.

म्हणून हा धागा. ठाण्यापासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात सॉफ्टवेअरमध्ये असणाऱ्यांनी रोजच्या कामातलं खरंखुरं काहीतरी सांगा. कॉलेजात कुणी शिकवलं नाही, काम करताना कळलं, असं. पॅकेज, ऑनसाइट, कुणाला किती हाइक हे इथे नको, त्यासाठी ८:१२ ची लोकल आहे.

सुरुवात मी करते. एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकांना मराठीतून एसएमएस जायचे होते. इंग्रजी मजकूर आधीच मंजूर झालेला, एका मेसेजात बसणारा. त्याचं मराठी केलं, लांबी साधारण तेवढीच, स्क्रीनवर सगळं छान. टेस्ट फोनवर पाठवून गेटवेचा (एसएमएस पाठवणाऱ्या यंत्रणेचा) रिपोर्ट उघडला, तर एका मेसेजचे तीन मोजलेले. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. मेसेज त्याहून लांबला की तुकडे जोडायची माहितीही त्याच जागेत बसते, त्यामुळे तुकड्यामागे ६७ च उरतात. वर काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक अक्षर धरतात. बिल तिप्पट आलं असतं. मार्केटिंगवाल्यांनी मग कात्री घेतली, ‘आदरणीय ग्राहक’ सगळ्यात आधी उडालं.

तीन हात नाका

मस्त धागा. मी काचेच्या टॉवरातला नाही. आमचं ऑफिस वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या माळ्यावर, खाली पावडर कोटिंग चालतं. कारखान्यांसाठी अकाउंट्स, स्टोअर्स आणि पगाराचं सॉफ्टवेअर बनवतो. माझं काम ते नेऊन बसवायचं आणि वापरणाऱ्याच्या शेजारी बसून शिकवायचं. शिकवायचं म्हणतात, पण शिकतो मीच जास्त.

रबाळ्याच्या एका कारखान्यात बिलं टाकणाऱ्या एक बाई होत्या. जुनं सॉफ्टवेअर काळ्या स्क्रीनचं. त्यांचा डावा हात बिलांच्या गठ्ठ्यावर, उजवा नंबर पॅडवर, डोळे कागदावर. स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत. एंटर मारला की पुढचा रकाना, शेवटचा एंटर मारला की सेव्ह. काही चुकलं तर बीप वाजायचा, तेवढ्यापुरती मान वर. आम्ही ब्राउझरवर चालणारी नवीन आवृत्ती नेली. रंगीत बटणं, कॅलेंडरमधून तारीख निवडायची सोय, मालक खूश. पण आता एंटरने पुढे जाता येईना, टॅब दाबावा लागे, आणि टॅब कीबोर्डच्या डाव्या टोकाला. म्हणजे बिल उलटणारा हात प्रत्येक रकान्याला कागद सोडून कीबोर्डवर. तारखेला तर माउसच. बाईंनी दिवसभरात एक तक्रार केली नाही. निघताना पर्स उचलत म्हणाल्या, “दादा, आज निम्मीच झाली.”

ऑफिसात सांगितलं तर डेव्हलपरचं उत्तर तयार: ब्राउझरमध्ये टॅबच असतो, स्टँडर्ड आहे. मग मी त्यालाच रबाळ्याला घेऊन गेलो आणि बाईंच्या मागे स्टुलावर बसवला. अर्ध्या तासात तो स्वतःच वही काढून लिहायला लागला. पुढच्या फेरीत एंटर आला, तारखेला नुसते आकडे टाकले तरी चालू लागले, आणि बीपसुद्धा परत आला.

जीएसटीचं सांगतो आणि थांबतो. १ जुलै २०१७ ला लागू झाला. एक्साइज, व्हॅट, सर्व्हिस टॅक्स गेले. राज्यातल्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे, राज्याबाहेरच्या बिलावर आयजीएसटी. कोडमध्ये हे काही फार अवघड नव्हतं. अडलं छापील बिलांत. डॉट मॅट्रिक्सवर चालणारा तो भोकाभोकांचा लांबलचक कागद, त्यावर जुन्या करांचे रकाने आधीच छापलेले, आणि एका मालकाच्या कपाटात त्याचे खोकेच्या खोके. “हे काय खाडीत टाकू?” शेवटी त्याच्या कोऱ्या पाठीवर आतले स्टॉक रिपोर्ट निघतील अशी सोय करून दिली. कर सल्लागारांनी यादी दिली होती काय काय बदलेल त्याची. हे खोके त्या यादीत नव्हते.

रात्रपाळी, घोडबंदर

प्रॉडक्शन सपोर्टला आहे, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टिम बंद पडत नाही ना ते बघायचं. अमेरिकेतला क्लायंट, त्यांचा दिवस ती माझी रात्र. संध्याकाळी मी निघते तेव्हा सोसायटीतले लोक भाजी घेऊन परत येत असतात, आणि सकाळी मी परतते तेव्हा शाळेच्या बस लागलेल्या. सुरुवातीला वॉचमनकाका फार संशयाने बघायचे.

या कामात मी घड्याळाला घाबरायला शिकले. आपलं घड्याळ वर्षभर एकच. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोन वाजले की काटा थेट तीनवर नेतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोनवरून परत एकवर आणतात. म्हणजे मार्चमधल्या त्या रात्री अडीच वाजतच नाहीत आणि नोव्हेंबरमधल्या रात्री दीड दोनदा वाजतो. तिकडच्या वेळेने अडीचला लावलेला जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम) त्या रात्री कुठल्या शेड्युलरवर, म्हणजे जॉब वेळेवर सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे यावर त्याचं नशीब ठरतं: एकतर चालतच नाही, नाहीतर भलत्या वेळी चालतो. दीडचा जॉब दोनदा चालू शकतो. रिपोर्ट दोनदा गेला तर हसू होतं. पण खात्यातून हप्ता कापणारा जॉब दोनदा चालला तर हसायला कुणी उरत नाही.

सगळे जॉब यूटीसीवर (पुढेमागे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर) न्या, हा सल्ला बरोबर आहे, पण पुरा पडत नाही. क्लायंटची कामकाज बंद व्हायची वेळ तिकडच्या घड्याळाने ठरते, त्याला बांधलेले जॉब तिकडच्याच वेळेवर ठेवावे लागतात. ते आम्ही वेगळ्या यादीत ठेवलेत आणि त्या दोन रात्री एक माणूस फक्त ती यादी बघायला जागा असतो.

भरीला युरोप. त्यांचा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं होतं, ठरलेले कॉल एकमेकांवर आदळतात, आणि दोन्हीकडच्यांना वाटतं इंडियानेच वेळ बदलली.

बाकी, हँडओव्हरमध्ये (पाळी संपताना पुढच्यासाठी ठेवायच्या नोंदीत) नुसतं ‘ऑल गुड’ लिहून घरी जाणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. काय बघितलं, कधी बघितलं, काय बघायचं राहिलं, हे तीन ओळींत लिहून जा.

नवाकोरा, कळवा

मी वाचतोय सगळं. यंदाच लागलो, ट्रेनिंग झालं, आता बेंचवर, म्हणजे नोकरी आहे पण प्रोजेक्ट नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो, कार्ड पंच करतो, कँटीनमध्ये बसतो. बेंचवर नेमकं काय करायचं असतं?

रजेवरून परत, घणसोली

@नवाकोरा, आधी घरी सांग. बेंच म्हणजे नोकरी गेली असं नाही, पण सहा महिन्यांनी भलतीकडून कळलं तर आई तसंच समजेल.

मी २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेनंतर परतले. पासवर्डची मुदत संपलेली. तो बदलून घ्यायला हेल्पडेस्कला तिकीट (तक्रारीची नोंद) टाकायचं, आणि तिकीट टाकायला लॉगिन करायचं. पहिला दिवस एवढ्यावरच संपला. याहून जास्त लिहीपर्यंत कन्या उठेल.

जुनं खोड, ठाणे पश्चिम

@नवाकोरा, चालू प्रोजेक्टवरच्या कुणाला तरी गाठ आणि बंद झालेली तिकिटं वाचायला माग. कोर्सपेक्षा त्यातून जास्त कळेल. माणसं कशाने वैतागतात ते तिथे त्यांच्याच भाषेत लिहिलेलं असतं.

मी १९९८ मध्ये महाप्याला लागलो. तेव्हा ठाणे-वाशी लोकल नव्हती, ती २००४ मध्ये आली. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून बसने जायचं. पावसाळ्यात तिथे पाणी भरलं की बस उभी, मग लोक पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून चालत निघायचे.

काम वायटूकेचं, म्हणजे २००० साल लागल्यावर तारखा चुकू नयेत म्हणून प्रोग्राम दुरुस्त करायचं. कोबॉल या प्रोग्रामिंगच्या भाषेतले जुने प्रोग्राम, वर्ष दोन आकडी. ते चार आकडी करायचं तर फाइलचा साचाच बदलावा लागायचा. म्हणून पुष्कळ ठिकाणी विंडोइंग करत: ५० च्या आतला आकडा आला तर २००० च्या पुढचं साल धरा, नाहीतर १९०० चं. बिलाला हे चालतं. पेन्शनच्या प्रोग्रामात मात्र १९२३ साली जन्मलेले आजोबा थेट २०२३ मध्ये जन्म घेणार. आमच्या लीड बाई प्रत्येक तारखेपाशी थांबवून विचारायच्या, ही कशाची तारीख? जन्माची, व्यवहाराची की मुदत संपायची? उत्तर आल्याशिवाय त्या ओळीला हात लावू द्यायच्या नाहीत. आम्हाला त्यांचा जाम राग यायचा. आज मी पोरांना तेच विचारतो आणि त्यांना माझा येतो.

एक गंमत. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण चारशेने भाग गेला तर असतं. २००० म्हणून लीप. काही प्रोग्रामरांनी अर्धाच नियम लिहिला होता, त्यांच्याकडे २९ फेब्रुवारी २००० ही तारीखच नव्हती. ज्यांना शंभराचा नियम मुळात ठाऊकच नव्हता आणि ज्यांनी नुसता चाराने भाग घालून मोकळं केलं, त्यांचे प्रोग्राम बरोबर चालले.

३१ डिसेंबर १९९९ ला न्यूझीलंडचं साल आपल्या दुपारी साडेचारला बदललं, तेव्हापासून टीव्ही लावून बसलो. रात्री फार काही घडलं नाही. मग सगळे म्हणू लागले, उगाच बाऊ केला. घडू नये म्हणूनच तर राबलो होतो, पण हे आजतागायत मेहुण्याला पटवता आलेलं नाही.

नेरूळकर

काकांच्या तारखा, तशी माझी नावं. नागरिकांच्या अर्जांच्या एका प्रकल्पात नावं मराठीत साठवायची होती. काउंटरवरच्या भाऊसाहेबांचा फोन आला, “कुऱ्हाडे सापडत नाही. माणूस समोर उभा आहे, यादीत नाव दिसतंय, शोधलं की नाही म्हणतो.” दोन्हीकडची प्रिंट काढून शेजारी ठेवली, काडीचाही फरक नाही.

फरक आत होता. हा ‘ऱ्ह’ मधला आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डावर टिंबवाला ऱ आणि हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. कागदावर एकच, मशीनला दोन वेगळी आडनावं. ‘ॲ’ चीही तीच कथा. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात) तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. तोवर लोक अ वर चंद्र देऊन भागवत होते, अजूनही देतात. त्यामुळे यादीतले सगळे ॲडव्होकेट दोन गटांत विभागलेले. युनिकोडचं प्रमाणित नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप झालेलं एकसारखं करायची पद्धत) चालवून बघितलं, तरी ही जोडपी जुळत नाहीत. कशाचं काय करायचं याचा तक्ता स्वतःच लिहावा लागतो आणि साठवतानाही लावावा लागतो, शोधतानाही.

त्याआधीचा डेटा तर जुन्या फॉन्टांतला. फॉन्ट बदलला की गिचमिड. तिथे पहिली वेलांटी दिसते तशीच साठवलेली, अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर लागते. ‘विनिता’ उलटसुलट करून सरळ करायची, अशी हजारो नावं.

दुरुस्ती होईपर्यंत भाऊसाहेबांनी स्वतःचा तोडगा काढलेला होता. शोधात नुसतं ‘कु’ टाकायचं आणि कुलकर्ण्यांच्या गर्दीतून बोटाने खाली सरकत जायचं. दुरुस्ती होऊन वर्ष झालं, ते अजून तसंच करतात.

खारघरचा

डिसेंबर २०२१, लग्नसराई. लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीत (जावा भाषेतल्या प्रोग्रामांनी लॉग म्हणजे घडामोडींची नोंद ठेवायला वापरायचा तयार कोड) सुरक्षेचं भोक सापडल्याची बातमी फुटली, धोक्याची पातळी दहापैकी दहा. लॉगमध्ये ठरावीक मजकूर लिहायला लावला की बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. मी चुलतभावाच्या हळदीत, फोन वाजतोय.

लोकांना वाटतं अशा वेळी कुणीतरी धडाधड कोड लिहितं. दुरुस्ती तर लायब्ररीवाल्यांनीच दिली होती. २.१५ आली, ती लावून होते तोवर २.१६, मग २.१७, महिनाअखेरीला २.१७.१. आमचा सगळा वेळ गेला ही लायब्ररी आपल्याकडे नक्की कुठे कुठे आहे ते शोधण्यात. आम्ही थेट वापरली ती सापडली. पण आमच्या जारच्या (जावा कोडच्या गठ्ठा-फाइलच्या) पोटात दुसरी जार, तिच्या पोटात ही. विकत घेतलेल्या प्रॉडक्टमध्ये आहे का, हे विक्रेत्यालाच धड सांगता येईना. कोपऱ्यातल्या एका सर्व्हरवर काय चालतं हे माहीत असलेला माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला.

जानेवारीत मीटिंगमध्ये मी विचारलं, आपल्याकडे कुठे काय वापरलंय याची एक यादी का नाही? सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून ती यादी माझ्याकडे आहे.