मदत हवी आहे: आईचे चार डॉक्टर, मेळ घालणारं कोणी नाही (नाशिक)

आई ७१ वर्षांची, इंदिरानगरला असते. मधुमेह, हार्ट फेल्युअर, गुडघेदुखी, किडनी कमजोर (क्रिएटिनिन ३.१), डायलिसिस अजून नाही. हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी लिहून दिली, ती किडनीला घातक म्हणून किडनीच्या डॉक्टरांनी पाहताच बंद केली. तोवर आठ दिवस पोटात गेली होती!

सगळ्या गोळ्यांची एकच यादी करून प्रत्येकाला दाखवली. उत्तर एकच, "ते त्यांना विचारा." ब्युरोची नर्स दोन महिने ठेवली, शुगर-बीपी नीट लिहायची, पण निर्णय तिने कसा घ्यावा? फॅमिली डॉक्टर निवृत्त झालेत. मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवारीच येते. आईला पुण्याला यायचं नाही, तो विषय संपलाय.

सगळ्या फायली एकत्र बघून बाकीच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलेल असा फिजिशियन किंवा वृद्धांचा डॉक्टर नाशिकमध्ये कोणाच्या अनुभवात आहे का?