हिवतापाच्या नव्या औषधांचे प्राधान्य कोणी ठरवावे?

धागाकर्ता: आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या मुख्य औषधाला पूर्वीसारखी झटपट दाद न देणारे फॅल्सिपेरम (हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार) जंतू आधी कंबोडियात आढळले आणि आता ते रवांडा, युगांडा, टांझानियातही आहेत. जगातील हिवतापाचे सुमारे ९५ टक्के बळी आफ्रिकेत जातात, पण तिथल्या रुग्णाला औषधाची किंमत परवडत नसल्यामुळे कंपन्या आपणहून या संशोधनाकडे वळत नाहीत. म्हणून कोणत्या संयुगावर पैसा लावायचा आणि चाचण्या कुठे घ्यायच्या, हे देशोदेशीच्या संस्थांनी एकत्र बसूनच ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. १९९९ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या ‘मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचर’ या हिवतापाच्या औषधांवर काम करणाऱ्या ना-नफा संस्थेने ही घडी बरीच बसवली आहे. भारतानेही वेगळी चूल मांडू नये.

प्रतिसाद १: असहमत. अशा बैठकीत ज्याची थैली मोठी त्याचाच शब्द अखेरचा ठरतो. आर्टेरोलेन या हिवतापावरच्या औषधाचे उदाहरण घ्या. रुग्णांच्या रक्तात औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कमी भरली, म्हणून याच संस्थेने २००७ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. रॅनबॅक्सी या भारतातल्या औषध कंपनीने मात्र ते सोडले नाही आणि पिपेराक्विन या दुसऱ्या औषधाची जोड देऊन २०१२ मध्ये भारतात बाजारात आणले. वेगळी चूल होती म्हणूनच हे घडले.

शिवाय मृत्यूंचा आकडा हाच निकष धरला की व्हायवॅक्स हा हिवतापाचा दुसरा प्रकार मागे पडतो. त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी ताप उलटतो. मुंबई-गोव्यात त्याचाच भरणा अधिक आहे. त्यावर प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला की बांधकामावरचा मजूर कामाला लागतो आणि उरलेल्या गोळ्या पत्र्याच्या खोलीत तशाच पडून राहतात. प्रायमाक्विन १९५० च्या दशकातले आहे, आणि त्याच कामाच्या, पण एकाच मात्रेच्या टॅफेनोक्विनला अमेरिकेत मान्यता मिळायला २०१८ उजाडले.

धागाकर्ता: तेच टॅफेनोक्विन या संस्थेने ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या साथीने तडीस नेले, हे आपण सांगितले नाही. एकट्या कंपनीने इतक्या कमी नफ्याच्या औषधावर इतकी वर्षे घालवली असती, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २: दोघेही औषधापाशीच थांबलात. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी टॅफेनोक्विनमुळे फुटू शकतात, त्यामुळे गोळीआधी त्या विकराची मोजणी करावीच लागते. ही मोजणी उपकेंद्रात कोण करणार आणि यंत्राचा खर्च कोण उचलणार, याचे उत्तर संयुग निवडतानाच मागणाऱ्या आरोग्यसेविकेला आणि हिवताप पर्यवेक्षकाला त्या बैठकीत मताधिकार हवा. मग बैठक जिनिव्हात होवो की दिल्लीत.